सरळ रेषेची व्याख्या आणि तांबटाची कावेरी

बसा, मंडळी, बसा. मागच्यांनी जरा पुढे सरका, मारुतीच्या जवळ या. पूर्वरंग झाला, बुक्का लागला, आता आख्यान. आवाज बसलाय माझा, तो चालवून घ्या. एस.टी.च्या धुळीत बसला आणि उरलेला कालच्या गावात सांडला! गुडघे म्हणतायत, बाई, आता बस. पण कीर्तनकार बसला की कीर्तन बसतं. म्हणून उभी आहे. पेटीवाले, सूर जरा खालचा धरा. आज वर चढायचं बळ नाही.

ऐका. एक प्रश्न विचारते. साधा आहे.

आपण म्हणतो ना, अमका माणूस फार सरळ आहे हो! कशावरून म्हणतो? सरळ म्हणजे काय?

सांगा की! तुम्ही, खांबाला टेकलेले काका, सांगा. ‘वाकडा नाही तो सरळ’? वा! आणि वाकडा कोण? ‘सरळ नाही तो’! झालं! बैल घाण्याला जुंपला, फिरतोय गोल-गोल!

कुणी म्हणेल, ताई, जवळची वाट ती सरळ वाट. अहो, जवळच्या वाटेनं तर चोरही जातो! आणि जवळची हे ठरवायला मोजावं लागतं. मोजायला पट्टी लागते. आणि ती पट्टी सरळ आहे, हे कुणी सांगितलं?

हसू नका. ह्याच एका प्रश्नापायी एका मुलीचं आयुष्य वळलं आणि एका म्हाताऱ्या मास्तरांची झोप गेली. त्यांचीच गोष्ट सांगते. राजा नाही, राणी नाही, राक्षस तर मुळीच नाही. राक्षस असता तर बरं झालं असतं हो, कुणावर तरी ढकलता आलं असतं!

घाटाखालचं एक गाव. इंग्रज जाऊन थोडी वर्षं झालेली. गावात एक तांबट आळी. तांबट म्हणजे तांब्या-पितळेची भांडी घडवणारे. सकाळ झाली की ठक-ठक, ठक-ठक! हंडे, घंगाळी, कळश्या. त्या आळीत कुणाला गुपित सांगायची सोय नाही बघा. सांगायचं तर ओरडूनच! आणि जन्मभर हातोडा मारून मारून तांबटांचे कान लवकर जातात.

तिथं पांडोबा तांबट राहायचे. बायको सारखी आजारी, अंथरुणाला लागलेली. एकच मुलगी, कावेरी. सातवीत. आता तुम्ही म्हणाल, सातवी म्हणजे काय मोठं! मायबायांनो, त्या काळी सातवीची परीक्षा, तिला ‘फायनल’ म्हणायचे, ती पास झालं की शाळेत शिकवता यायचं. मास्तरीण होता यायचं! तांबटाची मुलगी मास्तरीण! कावेरी पाणी भरताना, भाकऱ्या थापताना, आईचे पाय चेपताना हेच बघायची — हातात खडू, पाठीशी फळा, समोर पोरं.

आणि त्या शाळेत भूमिती शिकवायला त्र्यंबक खासनीस मास्तर. पांढरं धोतर, काळा कोट, काळी टोपी. वेळेवर येणार, वेळेवर जाणार. लाच नाही, लबाडी नाही, कुणाचा फुकट चहासुद्धा नाही. गाव म्हणायचं, सरळ माणूस! आणि मंडळी, होतेच ते सरळ. मी त्यांची टिंगल करायला उभी नाही. असला माणूस आज गावात असला तर पाया पडा त्याच्या.

मास्तरांची एक पट्टी होती. शिसवी लाकडाची, लांब, टोकांना पितळी पत्रा. वर्गात खिडकीजवळ खिळ्याला टांगलेली. तिच्याच मापानं फळ्यावर रेषा, तिच्याच मापानं पोरांच्या आकृत्या तपासायच्या, आणि गणित चुकलं की तळहातावर तिचाच प्रसाद! एका पट्टीत तीन कामं. अशी काटकसर आता कुठं राहिली!

मास्तर भूमिती शिकवायचे ती व्याख्येपासून. यवन देशात, म्हणजे ग्रीकांच्या मुलखात, फार पूर्वी एक भूमितीकार होऊन गेला, त्यानं केलेली सरळ रेषेची व्याख्या. मास्तर घोकून घ्यायचे — ‘जी आपल्यावरच्या सगळ्या बिंदूंशी सारखी पडून असते, ती सरळ रेषा.’ म्हणा! सगळा वर्ग एका सुरात म्हणायचा. पाढ्यासारखं. अर्थ? अर्थ कुणी विचारतं का? आपण रोज आरती म्हणतो, तिच्यातल्या किती शब्दांचा अर्थ ठाऊक आहे आपल्याला? बघा, खांबाजवळचे काका हळूच दुसरीकडे बघायला लागले!

पण कावेरी उभी राहिली.

“मास्तर, सारखी म्हणजे कशाशी सारखी?”

“बिंदूंशी.”

“पण बिंदू तर तिच्यावरच असणार. वाकड्या रेषेचे बिंदूपण तिच्यावरच असतात. मग ही सारखी पडते म्हणजे काय करते?”

मास्तरांनी पुस्तकात बघितलं. बाहेर कुठंतरी ठक-ठक, ठक-ठक.

मास्तर म्हणाले, “पुस्तकात आहे तसं पाठ कर. खाली बस.”

बसली. पोरगी बसली, पण प्रश्न बसला नाही. तो मास्तरांच्या टोपीखाली जाऊन उभा राहिला. आणि मंडळी, ज्या प्रश्नाचं उत्तर आपल्याला येत नाही, तो विचारणाऱ्याचा आपल्याला आधी राग येतो. येतो की नाही? पोरगं विचारतं, ‘आई, देव दिसत का नाही?’ आई म्हणते, ‘गप जेव!’

मग आली शाळेची चाचणी. फायनलला कोण बसणार ते ह्या चाचणीवर ठरायचं आणि ठरवणार खासनीस मास्तर. भूमितीच्या पेपरात आकृत्या काढायच्या होत्या. पोरांपाशी स्वतःच्या पट्ट्या कुठल्या? मास्तरांची शिसवी पट्टी बाकावरून बाकावर फिरायची. शेवटच्या बाकावर कावेरी. वेळ संपत आली, पट्टी काही येईना. पोरीनं काय केलं — एक कागद घेतला, मधोमध घट्ट दुमडला, नखानं घडी दाबली आणि त्या घडीच्या कडेनं सगळ्या रेषा काढल्या. सुंदर! पेपर दिला.

मास्तर तपासायला बसले. पट्टी लावली एका पोराच्या रेषेवर, बरोबर! दुसऱ्याच्या, बरोबर! सगळ्यांच्या रेषा पट्टीला चिकटून बसतायत. कावेरीच्या रेषेवर लावली — आणि मध्ये फट. दुसऱ्या रेषेवर लावली, तिथंही फट. सगळ्या रेषांना फट!

वर्गात उभं केलं तिला.

“ह्या रेषा कशानं काढल्यास?”

“कागदाच्या घडीनं, मास्तर.”

“कागदाच्या घडीनं? खोटं बोलतेस! हातानं ओढल्या आहेस नुसत्या.”

“नाही मास्तर. घडीनंच काढल्या. सरळ आहेत.”

“सरळ? ही पट्टी काय सांगतेय बघ! सगळ्या वर्गाच्या रेषा सरळ, तुझी एकटीची वाकडी, आणि वर मला सांगतेस सरळ आहेत?”

“सरळ आहेत, मास्तर.”

एवढंच म्हणाली. रडली नाही. रडली असती तर कदाचित सुटली असती! रडणाऱ्या पोराला आपण माफ करतो. न रडता ‘मी खरं बोलतेय’ म्हणणारं पोर आपल्याला सहन होत नाही.

मास्तर तसेच उठले आणि संध्याकाळी तांबट आळीत गेले. पांडोबांच्या दुकानाच्या पायरीवर उभे राहिले. ठक-ठक थांबली. आजूबाजूचे हातोडेसुद्धा थांबले. मास्तर आलेत आळीत!

“पांडोबा, मुलगी हुशार आहे, पण खोटं बोलते. तोंड वर करून बोलते. अशा मुलीला मी फायनलला पाठवणार नाही. पोरांना काय शिकवेल ती?”

पांडोबांना तेव्हा थोडं ऐकू येत होतं. त्यांनी मान खाली घातली. म्हणाले, “तुम्ही म्हणाल तसं, मास्तर.”

कावेरी आतल्या दारात उभी होती. ती म्हणाली, “बाबा, मी खोटं नाही बोलले.”

बापानं हातोडा उचलला. ठक-ठक, ठक-ठक.

संपलं! शाळा संपली. पुढल्या उन्हाळ्यात आई गेली. त्याच्या पुढल्या वर्षी लग्न. सासर, संसार, मग नवरा गेला. पदरात मूल नाही. परत आली बापाच्या घरी. बाप आता ठार बहिरा, हातपाय थकलेले. आळीतली निम्मी दुकानं बंद. स्टीलची भांडी आली होती ना बाजारात! कावेरी दुकानात बसायची, जुनी भांडी चिंचेनं घासून मांडायची, बापाला भरवायची. काळे केस पांढरे व्हायला लागले. हे सगळं सांगायला मला एक श्वास लागला, मंडळी. तिला सगळी उमर लागली.

जरा पाणी द्या हो कुणी. हं. देव तुमचं भलं करो.

इकडे खासनीस मास्तर निवृत्त झाले. शाळेनं शाल दिली, नारळ दिला आणि ती शिसवी पट्टीही दिली — ‘तुमचीच आहे, मास्तर, घेऊन जा.’ बायको आधीच गेलेली. मुलगा मुंबईला. घरात मास्तर, एक खुर्ची, एक टेबल आणि भिंतीवर पट्टी. दिवस उगवायचा, मावळायचा. दमलेल्या माणसाला वाटतं, निवृत्त झालो की विसावा मिळेल. मिळत नाही हो! कामानं दमलेला माणूस झोपतो. रिकामपणानं दमलेला माणूस जागाच राहतो.

एका दुपारी काही सुचेना म्हणून त्यांनी ते जुनं भूमितीचं पुस्तक काढलं. आयुष्य ज्याच्यावर काढलं ते बघू तरी. पहिलं पान. व्याख्या. ‘जी आपल्यावरच्या सगळ्या बिंदूंशी सारखी पडून असते...’ आणि मंडळी, पहिल्यांदा — इतकी वर्षं शिकवल्यावर पहिल्यांदा! — मास्तर थांबले. मनाशी म्हणाले, म्हणजे काय?

सारखी पडून असते म्हणजे काय?

कागद घेतला. दोन बिंदू दिले. पट्टी लावली, रेघ ओढली. बघतायत रेघेकडे. काय सारखं आहे हिच्यात? तेवढ्यात पट्टी टेबलावरून घसरली, खाली पडली. कण्हत वाकले, उचलली, परत त्या दोन बिंदूंना लावली. पण ह्या वेळी ती उलटी लागली. जन्मभर आकडे वरच्या अंगाला ठेवून लावायचे. आता आकडे खाली गेले, आणि जी कड रेघेच्या एका बाजूनं लागायची ती दुसऱ्या बाजूनं लागली. सहज म्हणून परत रेघ ओढली.

आणि बघतात तो काय! दोन रेघा! टोकं तीच, बिंदू तेच, पण मध्ये दोन रेघा, आणि त्यांच्यामध्ये डोळ्यासारखी उघडी फट!

मास्तरांना वाटलं, डोळे गेले आपले. चष्मा पुसला. दुसरा कागद. परत सुलटी रेघ, परत उलटी. परत तीच फट. मग त्यांना उमगलं. पट्टी पोटात वाकली होती! खिडकीजवळ टांगलेली, पावसाळ्याची ओल खाल्लेली, उन्हाळ्याचं ऊन खाल्लेली. कधी वाकली, देव जाणे. पण वाकडी होती! आणि वाकडी आहे हे कधी कळलं नाही. का? कारण पोरं तिच्यानंच रेघा काढायची, आणि मास्तर तिच्यानंच तपासायचे!

लक्षात येतंय का, मायबायांनो? वाकड्या पट्टीनं वाकडी रेघ काढा आणि तीच पट्टी तशीच तिच्यावर ठेवा. तंतोतंत जुळते! केसाचा फरक नाही! सगळा वर्ग बरोबर! फक्त एकटी, जिच्या हाताला ती पट्टी लागलीच नाही, ती चूक!

पेटीवाले, द्या जरा सूर. ही ओवी कुणा संताची नाही, प्रवासात मीच जोडलीय. मोडकी आहे, सांभाळून घ्या —

वाकड्या पट्टीने ओढिली रेघ ।
तिच्याच अंगाने तपासिली रेघ ।
म्हणे सरळ ही निःशंक रेघ ।
उलटोनि न पाहे कोणी ॥

मास्तरांनी तिसरा कागद घेतला आणि मधोमध दुमडला. नखानं घडी दाबली. त्या घडीच्या कडेनं कोऱ्या कागदावर रेघ काढली. घडी उलटी केली, त्याच बिंदूंना लावून परत काढली. एकच रेघ! फट नाही.

“कागदाच्या घडीनं, मास्तर.” आवाज आला हो कानात! इतक्या वर्षांनी! टोपी काढली आणि डोकं टेबलावर टेकलं त्यांनी.

आता, मंडळी, इथं दोन वाटा फुटतात. चूक कळली की माणसाच्या मनात एक वकील जागा होतो. तो म्हणतो — ‘मास्तर, तुम्ही काय मुद्दाम केलंत? तुम्हाला काय माहीत पट्टी वाकडी? पोरगी आता बाई झाली असेल, विसरली असेल. जुनी राख कशाला उकरता?’ मास्तरांचा वकीलही बोलला. दिवसचे दिवस बोलत राहिला. तुमचा नाही बोलत? माझा तर कीर्तन चालू असतानाही बोलतो!

पण म्हणत होते ना मी, मास्तर सरळ माणूस. एका सकाळी काठी घेतली, पट्टी कापडात गुंडाळून बगलेत धरली आणि निघाले तांबट आळीला. गाव तेवढंच होतं, पण आता दम लागायचा. वाटेत टेकत, धापा टाकत पोचले. आळीत आता एखाद-दुसराच हातोडा वाजत होता.

कावेरी दुकानात घंगाळ घासत बसलेली. वर बघितलं. ओळखलं.

“या मास्तर. बसा.”

मास्तर बसले नाहीत. उभ्या उभ्याच पट्टी काढली आणि म्हणाले, “कावेरी, ही वाकडी होती. तुझ्या रेषा सरळ होत्या. तू खरं बोलत होतीस.”

तुम्हाला वाटेल, आता ती रडेल. किंवा पाया पडेल, म्हणेल, मास्तर, तुम्ही मोठे! तसं काही झालं नाही. ती घंगाळ घासत राहिली. चिंचेचा काळा चोथा बोटांवरून ओघळत होता. मग म्हणाली, “मास्तर, मला आता भूमिती आठवत नाही.”

मास्तर पट्टी परत कापडात गुंडाळायला लागले.

“एवढं आठवतं,” ती म्हणाली, “की तुम्ही ह्याच पायरीवर उभं राहून बाबांना सांगितलं होतंत, मुलगी खोटं बोलते. त्यांना सांगा आता.”

आत ओसरीत पांडोबा घोंगडीवर बसलेले. मास्तर त्यांच्यासमोर जाऊन बसले. म्हणाले, “पांडोबा, मुलगी खरं बोलत होती.”

पांडोबा म्हणाले, “आँ?”

“मुलगी खरं बोलत होती!”

“कोण? कोण आजारी?”

हसा, हसा. तिथंही कुणीतरी हसलं. कारण मास्तरांना आता ओरडावं लागलं. ज्या माणसानं जन्मात वर्गाबाहेर आवाज चढवला नव्हता, तो माणूस छातीवर हात धरून, सगळा दम एकवटून ओरडला — “कावेरी खरं बोलत होती! माझी पट्टी वाकडी होती! मी चुकलो! तुमची मुलगी खोटं बोलली नव्हती!”

आळीतला उरलासुरला हातोडा थांबला. दारादारात माणसं आली. शेजारची म्हातारी, समोरचा कल्हईवाला. सगळ्या आळीनं ऐकलं. खोटं हळू सांगितलं तरी गावभर जातं, मंडळी. खरं असं ओरडून सांगावं लागतं.

आणि पांडोबांना ऐकू आलं. चेहऱ्यावरून कळलं. ते मास्तरांकडे बघत राहिले. मग बहिरी माणसं बोलतात तसं, गरजेपेक्षा मोठ्यानं, म्हणाले —

“ठाऊक होतं मला.”

कावेरी दारात उभी होती. जिथं तेव्हा उभी होती, तिथंच.

“माझी पोर खोटं बोलत नाही,” म्हातारा म्हणाला. “तेव्हाही ठाऊक होतं. पण पोरीची आई अंथरुणाला होती. घरात हात नव्हता. पोर शाळेत गेली तर चूल कोण पेटवणार, तिचं कोण करणार? माझ्या तोंडून कसं सांगू पोरीला, शाळा सोड म्हणून? तुम्ही आलात, मास्तर. म्हणालात, पाठवत नाही. मला बरंच झालं ते.”

पेटी थांबवा जरा.

बघा मंडळी, काय झालं. मास्तर आयुष्यभराचं ओझं घेऊन आले, म्हणाले, दोष माझा. आणि त्या दोषाखाली दुसरा दोष दडून बसलेला निघाला! मास्तरांनी चुकून खोटं म्हटलं. बापाला खरं माहीत होतं, आणि तो गप्प बसला. का? बाप दुष्ट होता? नाही हो. दमलेला होता. आजारी बायको, भट्टीची धग, पोटाची काळजी. दमलेल्या माणसाला सोयीचं खोटं उशीसारखं वाटतं. डोकं टेकवावंसं वाटतं त्याच्यावर.

आळीतली माणसं खाली बघत आपापल्या दारातून आत गेली. मास्तर उठले, पायरीवर आले. तिथंच बसले. कावेरी आली आणि पलीकडच्या कोपऱ्यात बसली.

मग तिनं विचारलं, “ती व्याख्या काय होती हो? सारखी पडून असते... कशाशी सारखी?”

मास्तरांनी खिशातून दोन कागद काढले, एक दुमडला, घडीच्या कडेनं दुसऱ्यावर रेघ काढली आणि तो तिच्या हातात दिला. म्हणाले, “हिच्यावरचा कुठलाही बिंदू घे. एक इकडे झुकलाय, एक तिकडे फुगलाय, असं नाही. दोन टोकं धरून उलटी कर, होती तिथंच पडेल. वाकड्या रेषेला एक पोट असतं, एक पाठ असते. हिला पोट नाही, पाठ नाही. इकडून बघ, तिकडून बघ, सगळीकडून तीच. सारखी पडून असते म्हणजे एवढंच.”

कावेरीनं कागद उलटा करून बघितला. सुलटा करून बघितला. बोट फिरवलं रेघेवरून.

“एवढंच होतं?”

“एवढंच.”

“मग तेव्हा का नाही सांगितलंत? मी विचारलं होतं.”

मास्तर म्हणाले, “मलाच कळलं नव्हतं, पोरी.”

तिनं मान हलवली. मास्तर म्हणाले, “अजून परीक्षा देता येते, बाहेरून. मी शिकवीन.” ती म्हणाली, “नको मास्तर. आता दमले.” आणि म्हणाली, “ऊन चढतंय, सावकाश जा.” क्षमा केली असं ती म्हणाली नाही. नाही केली असंही म्हणाली नाही. मास्तर गेले. पुढं अधूनमधून येत राहिले. पायरीवर बसायचे, ती घोटभर चहा द्यायची — आणि तो फुकटचा चहा मास्तर प्यायचे. कधी बोलणं व्हायचं, कधी नाही.

पण त्या दिवशी संध्याकाळी काय झालं ते सांगते आणि आटपते.

कावेरीनं बापाशी अबोला धरला. दिवा लावला, भाकरी टाकली, ताट वाढलं, शब्द नाही. आतून पेटलेली होती हो! आणि बाप? बाप शांतपणे भाकरी कुस्करतोय. आता मला सांगा, बहिऱ्या माणसाशी अबोला धरायचा कसा? त्याला कळतच नाही! तुम्ही बोलला नाहीत तरी त्याला ते रोजच्यासारखंच! इतक्या वर्षांचा राग, आणि ज्याच्यावर धरला त्याच्यापर्यंत तो पोचेचना!

शेवटी कावेरी उठली. बापाजवळ गेली, वाकली, त्याच्या कानाला तोंड लावलं, आणि छाती फुटेल इतक्या मोठ्यानं ओरडली —

“बाबा! मी तुमच्याशी बोलत नाही!”

म्हातारा थांबला. घास हातातच. त्यानं हळूहळू मान हलवली. बरोबर आहे, म्हणून. डोळ्यांतून पाणी भाकरीवर पडायला लागलं.

कावेरी तशीच वाकून उभी राहिली. मग खाली बसली. त्याच्या हातातला घास घेतला, आमटीत भिजवला आणि त्याच्या तोंडात घातला. कारण त्याला एकट्याला ते जमत नव्हतं.

ही एवढी गोष्ट. पुढं चमत्कार नाही. आकाशातून फुलं पडली नाहीत. सकाळी परत भांडी होती घासायला.

आता माझ्याकडे बघा. नाही, माझ्याकडे नको. आत बघा. मास्तरांसारखी चूक तुमच्या-माझ्या हातून रोज होते. तिला देव माफ करतो. पण पांडोबांसारखं? सासूनं सुनेबद्दल एक शब्द सांगितला, खोटा आहे हे मनाला ठाऊक, पण सोयीचा होता, म्हणून पोटात ठेवला! भावाबद्दल कुणी काही सांगितलं, जमिनीच्या वाटणीला बरं पडत होतं, म्हणून उलटून बघितलं नाही! असं एकही नाव तुमच्या मनात नाही? खरं सांगा! मी बघतेय, ताई, तुम्ही पदर डोळ्याला लावलात. काका, तुम्हीसुद्धा टेकणं सोडून सरळ बसलात!

मी दमलेय. तुम्हीही दमून आलाय, दिवसभर रानात, चुलीपाशी. दमलेल्या माणसाला देव म्हणत नाही की डोंगर उचल. एवढंच म्हणतो — जे नाव आत्ता मनात आलं, त्या माणसाच्या दारात जा, आणि तुला खरं ठाऊक होतं हे त्याला सांग. तो माफ करेल? माहीत नाही. जा तरी.

मारुतीराया, आम्हा थकलेल्यांच्या पायांत तेवढं बळ घाल. चला, उठा आरतीला. माझा आवाज इथं संपला. पुढचं बोलायचं ते तुम्ही. घरी जाऊन.